तांबूची ओटी

मी तपासायला लागले की ती गाईच्या डोळ्यावर पदर धरायची.

म्हणजे बघा, गाईच्या मागच्या बाजूला मी, खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवून, हात आत घातलेला. आणि पुढच्या बाजूला ती, पदराचं टोक गाईच्या उजव्या डोळ्यावर धरून उभी. "लाजते ती," म्हणायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, डावा डोळा उघडाच आहे की." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तो भिंतीकडं हाय."

मग माझा हात बाहेर यायच्या आतच तिचं ठरलेलं वाक्य यायचं. "नीट बग ना बाय. घाई करू नको." मी घाई करत नसायचे. गाईच्या पोटात हात घालून घाई कोण करील? पण तिला वाटायचं, डॉक्टरनं अजून थोडा वेळ शोधलं तर आत काहीतरी सापडेल.

मी जनावरांची डॉक्टर. मूळची सांगलीकडची, लग्न होऊन वसईत आले आणि पूर्वेला छोटासा दवाखाना थाटला. कॉलेजात आमचा सगळा जीव गाईम्हशींवर होता, पण दवाखान्यात येतात ती फ्लॅटमधली कुत्री आणि मांजरं. एसीत झोपणारी, बिस्किटं खाऊन पोट बिघडवून घेणारी. तक्रार करत नाही, माझं घर त्यांच्यावरच चालतं. पण एखादी गाय बघायची असली की मला अजूनही बरं वाटतं. त्यासाठी स्कूटर काढून सातिवलीच्या पुढे जावं लागतं. गोदामांच्या रांगा संपतात, टेम्पोंचा गोंगाट मागे पडतो आणि भाताची थोडी खाचरं उरलीयत तिथे एक आळी लागते. त्या आळीत शेवटच्या घरी ती राहायची.

आळीतले तिला काकी म्हणायचे. मी मावशी म्हणायचे. ती मला बाय म्हणायची आणि माझ्या पाठीमागे डॉक्टरीनबाय. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आपलं नाव कागदावर आलेलं तिला मुळीच खपलं नसतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं होतं. "तूच हात घालनार?" मी हो म्हटलं. "बाप्या कोन नाय मिलाला?" मी म्हटलं, "मिळाला असता, पण तुमची गाय लाजली असती." ती हसली नाही. पण त्या दिवसापासून तिनं दुसऱ्या कुणा डॉक्टरला गोठ्यात येऊ दिलं नाही.

निघताना माझ्या स्कूटरच्या डिकीत काहीतरी ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. भोपळा, तांदळाच्या पापड्या आणि बहुतेक वेळा सुके बोंबील. आमच्याकडे सुके मासे हा प्रकार नाही. सुरुवातीला मी नको नको म्हणायचे. ती म्हणायची, "तुज्या नवऱ्याला दे, तो तरी वसईचा हाय ना." त्या बोंबलांनी माझी मात्र वेगळीच ख्याती झाली. तिच्याकडून निघून मी लस टोचायला एखाद्या फ्लॅटमध्ये गेले की जे कुत्रं एरवी मला पाहून पलंगाखाली दडायचं, ते धावत येऊन माझ्या पिशवीशी लोळण घ्यायचं. मालकीणबाई म्हणायच्या, "डॉक्टर, किती लळा लावलाय हो तुम्ही." मी पिशवीची चेन नीट लावून घ्यायचे.

एकदा ती स्वतःच मला बोलवायला दवाखान्यात आली. बाकावर एक बाई आपली मांजर घेऊन बसली होती. काय झालंय मांजरीला, असं हिनं विचारलं. त्या बाईनं सांगितलं, काही नाही, ऑपरेशन करून घ्यायचंय, म्हणजे पिल्लं होणार नाहीत. ही त्या मांजरीकडे बराच वेळ बघत राहिली. तरणीताठी, गुबगुबीत मांजर. आम्ही स्कूटरवरून निघालो. गोठ्यात शिरताना मग म्हणाली, "तिकडं बंद कराया तुला बोलवतात. हिकडं मी चालू कर म्हनतंय. तुजी पन कमाल हाय, बाय." यात माझी काय कमाल, ते मला कळलं नाही.

हे चालू करण्याचं प्रकरण म्हणजे तांबू. गावठी गाय, तांबडी, अंगानं बेताची, स्वभावानं गरीब. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तिचे पुढचे दात झिजून खुंट झाले होते, पाठीचा कणा खाली दबला होता. इतकी वेतं झालेली गाय पुन्हा गाभण राहावी म्हणून आता कुणी भरवत नाही. मी तसं सांगितलंही. पण मावशी ऐकणाऱ्यांतली नव्हती. तांबू माजावर आलीय असं वाटलं की तिचा फोन यायचा. मी जायचे, कृत्रिम रेतन करायचे. आणि तीन आठवडे उलटले की गाय पुन्हा हंबरायला लागायची. आम्ही त्याला गाय उलटली म्हणतो. राहिली नाही, असा त्याचा अर्थ. मावशीला तो शब्द आवडायचा नाही. "उलटली नको म्हनू," ती मला बजावायची. "इचार करते ती."

दुसऱ्यांदा उलटली तेव्हा मी तिला समोर बसवून नीट समजावलं. म्हटलं, मावशी, कालवड जन्माला येते तेव्हाच तिच्या पोटात तिची सगळी बीजं असतात. आयुष्यभराची. त्यानंतर एकही नवं होत नाही. त्यातली बरीचशी आपोआप विरून जातात, थोडी माजाला खर्ची पडतात. म्हातारपणी जी उरतात ती गाईच्याच वयाची, थकलेली. कधी फळत नाहीत, कधी फळली तरी टिकत नाहीत. आणि गर्भपिशवीही सैल पडलेली असते, वासरू धरून ठेवायची ताकद तिच्यात राहत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "आनि नवीन कायच व्हत नाय?"

"नाही."

"आनि बैलाचं?"

"बैलाचं रोज नवीन होतं."

"व्हनारच," ती म्हणाली. त्या एका शब्दात तिनं ज्यांचा ज्यांचा उद्धार केला, त्यांत माझ्या नवऱ्यापासून तिच्या परलोकवासी नवऱ्यापर्यंत सगळे आले असावेत.

मग तिनं वेगळ्याच आवाजात विचारलं, "किती उरल्यात ते कोनी आधी सांगत नाय?"

"गाईचं नाही सांगता येत, मावशी."

"वैशूला पन उशिराच सांगितलं," ती म्हणाली आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेली.

वैशू म्हणजे वैशाली, तिची धाकटी लेक. चाळिशी ओलांडलेली, विरारला राहते, अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी करते. मी तोवर तिला पाहिलं नव्हतं. पण तिच्याबद्दल ऐकलं होतं ते तांबूच्या शिंगांवरून. गाय व्याली की शिंगावर एक वळं उमटतं, हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर पुढच्या वेळी एखाद्या म्हाताऱ्या गाईचं शिंग जवळून बघा. मावशी त्या वळ्यांवरून बोट फिरवत मला सांगायची. हे वैशूचं लगीन ठरलं तवाचं. हे लग्नानंतर पयल्यांदा ऱ्हायला आली तवाचं. हे मोठ्या दवाखान्यात ट्रीटमेंट घेऊन हिकडं आराम कराया आली तवाचं. शेंड्याकडे दाटीनं बसलेली वळी बुंध्याकडे येता येता विरळ होत जातात, कारण वय वाढलं की गाय वर्षाआड, दोन वर्षांआड राहू लागते. मावशीचं बोट त्या मोकळ्या जागांवरून सावकाश जायचं.

तांबूच्या प्रत्येक बाळंतपणाला वैशाली माहेरी यायची. ऑफिसातून चांगली आठवडाभराची रजा काढून. तिच्या ऑफिसात यावरून थट्टा व्हायची, गाईच्या बाळंतपणाची रजा म्हणून. पण ती यायची. गोठ्यात पोतं अंथरून झोपायची, वासराचं अंग स्वतः पुसायची, त्याला उभं राहायला आधार द्यायची. खरवस करून आळीत वाटायची. मावशी हे सांगताना इतकी खुलायची की मला वाटायचं, या बाईला नातवंडांपेक्षा वासरांचं कौतुक जास्त आहे. मुलाची दोन पोरं घरात होती, पण त्यांचं कौतुक तिनं मला कधी ऐकवलं नाही.

मग एकदा मीच वैतागून बोलले. तांबूला रेतन करून मी हात धूत होते. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला दूधच हवं असेल तर चांगली दुसऱ्या वेताची गाय बघून देते. या म्हातारीच्या मागे का लागलात? या वयात वासरू राहिलं तरी अडेल, जिवावर बेतेल तिच्या."

ती ओट्यावर बसली. मलाही बस म्हणाली. आणि मग तिनं मला ती गोष्ट सांगितली.

तीनेक वर्षांपूर्वी भावकीतल्या एका सुनेचं डोहाळजेवण होतं. वैशाली आली होती. बायका एकेक करून ओटी भरत होत्या. मावशी नवरा गेल्यापासून अशा ठिकाणी मागे भिंतीशी बसायची. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणी सांगायच्या आत आपणच बसलेलं बरं म्हणून. वैशाली ताट घेऊन पुढे झाली. तिनं ओंजळीत तांदूळ घेतले. तेवढ्यात मावशीला दोन बायका एकमेकींकडे बघताना दिसल्या. ती उठली, पुढे गेली आणि वैशालीचं मनगट धरून तिनं तो हात मागे ओढला. "तू ऱ्हाऊ दे," म्हणाली. तांदूळ जमिनीवर सांडले.

"मना वाटलं, त्या बाया बोलायच्या आत आपन बोलावं," मावशी म्हणाली. "त्या बोलल्या असत्या तर तिला लागलं असतं ना. मी जशी मागं बसतंय तशी ती पन बसंल, म्हंजे कोन तिला कायच म्हननार नाय."

"मग?"

"मग काय. ती बोलली नाय कायच. तांदूल गोला केलं, ताटात टाकलं, चप्पल घातली नि गेली. त्याच्यामागारी आली नाय."

विरारहून सातिवली लांब नाही. सणाला मुलगा बहिणीकडे जाऊन यायचा, बहीण भावाच्या पोरांना कपडे पाठवायची. फक्त आळीत पाय ठेवत नव्हती. मावशीनं एकदोनदा मुलाच्या फोनवरून बोलायचा प्रयत्न केला होता. तब्येत बरी हाय ना, जेवलीस ना, यापलीकडे दोघींची गाडी गेली नाही. आणि त्याच सुमाराला तांबूचं शेवटचं वासरू मोठं होऊन गोठ्यातून गेलं होतं.

"तांबू राहिली का नाय, की मी तिची ओटी भरनार हाय," मावशी म्हणाली. "अख्खी आळी बोलवनार. सगल्या बायांच्या म्होरं पयली ओटी वैशू भरंल. गाय हाय ना, गाईला कोन काय म्हनतंय? गाईची ओटी म्हटल्यावर ती येल. तांबूसाठी ती येतेच."

गाईची ओटी काही ठिकाणी हौसेनं भरतात, मी पाहिलेलं आहे. पण या बाईनं तीन वर्षं मनाशी काय रचलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. जो हात तिनं चारचौघींत मागे ओढला, तो चारचौघींतच पुढे न्यायचा होता. आणि त्यासाठी तिला एक गाभण गाय हवी होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिला खोटा धीर मात्र दिला नाही. मला तो देताच येत नाही, माझ्या घरचेही हेच म्हणतात.

त्या वेळी गाय उलटली नाही. तीन आठवडे गेले, सहा गेले, तांबू गप्प. मावशीचा आवाज फोनवर बदलला. मी म्हटलं, मावशी, गप्प झाली म्हणजे राहिली असं नसतं. म्हातारपणी माज येणंच थांबतं कधीकधी. येऊन बघते. तर म्हणाली, आत्ता नको, हात लागंल तिला. पुढच्या महिन्यात ये. पुढच्या महिन्यात म्हणाली, सर्दी झालीय, बरी झाली की ये. एकदा मी न सांगता गेले तर गाय चरायला गेलीय म्हणाली, आणि गाय मागून हंबरली. आम्ही दोघींनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं. मला डिकीत बोंबील मिळाले.

ती तपासू देत नव्हती, कारण तपासलं की कळलं असतं. पेंड चारून चारून तिनं तांबूला गोल केलं होतं. म्हाताऱ्या गाईचं पोट तसंही खाली उतरतं. त्याच्यावर हात फिरवून ती सगळ्यांना सांगत होती, पाचवा लागला. तुम्ही म्हणाल, जन्मभर गाई सांभाळलेल्या बाईला इतकं कळू नये? कळत असणार. पण आपल्याला जे हवं असतं त्याच्या बाबतीत आपण सगळेच थोडे आंधळे होतो. मी माझ्या दवाखान्यात रोज बघते.

ओटीचा रविवार ठरला. मुलानं बहिणीला व्हॉट्सॲपवर कळवलं, सोबत तांबूचा फोटो पाठवला. तिचं एका शब्दाचं उत्तर आलं, येते. मावशीनं ते मुलाकडून चारचारदा वाचून घेतलं. आणि आदल्या दिवशी मला फोन. "उद्या लवकर ये, बाय. ओटीला बस. आनि आल्यासारखं जरा बग पन."

म्हणजे शेवटी तिलाच राहवलं नव्हतं.

मी गेले तेव्हा अंगण सारवलेलं होतं. तांबूच्या शिंगांना रंग, गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर हिरवं लुगडं. आळीतल्या बायका जमायला लागल्या होत्या. ओट्याच्या कडेला एक बाई एकटीच बसली होती, मोतिया रंगाचा कुर्ता, केसांत पांढऱ्या रेघा. मावशीचं नाक, मावशीची हनुवटी. मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

आम्ही तांबूला गोठ्यात नेलं. मी मोजा चढवला. मावशी नेहमीप्रमाणे पुढे उभी राहिली, पण त्या दिवशी तिचे डोळे माझ्या तोंडाकडे होते. पिशवी हाताला लागली, रिकामी, सैल. मी सगळीकडे फिरून आले. दोन्ही अंडाशय वाळलेल्या वाटाण्यासारखे लहान आणि कडक झाले होते. त्यांच्यात आता काही हलत नव्हतं. मी आयुष्यात कधी केली नसेल इतकी सावकाश तपासणी केली. नीट बघ, असं ती एकदाही म्हणाली नाही.

"नाय?" तिनं विचारलं.

"नाही, मावशी."

"आनि म्होरं?"

"पुढेही नाही. तिचं संपलं."

तिनं गाईच्या पाठीवरचं लुगडं सारखं केलं. बाहेर बायकांचे आवाज येत होते. "मग आता वैशूला मी काय सांगू?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी तिथे मोजा घातलेला हात लांब धरून उभी होते आणि मला रडू येत होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग तिनं दावं सोडलं आणि तांबूला घेऊन ती अंगणात गेली.

"डॉक्टरीनबायनी बगलं," ती बायकांना म्हणाली. "गाय राहिली नाय. वय झालं तिचं. आता राहनार पन नाय."

कुणीतरी हळहळलं. एकीनं उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवला. भावकीतली एक बाई म्हणाली, "मग काकी, ओटी कशाची भरायची?"

"तिचीच," मावशी म्हणाली. "इतकी वर्सं हिनं दिलं, तवा कोनी भरली नाय. आता दमली, तर आता भरा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मावशी ओट्याच्या कडेला गेली. वैशाली खाली मान घालून बसली होती. मावशीनं तिचं मनगट धरलं.

"त्या दिशी मी ह्यो हात मागं वढला," ती म्हणाली. लेकीला नाही, सगळ्यांना. "माजी चूक झाली. तुमी सगल्यांनी ती बगली, आता हे पन बगा. पयली ओटी वैशू भरनार."

वैशाली लगेच उठली नाही. मला वाटलं, ही आता चप्पल घालून जाणार. ती आईकडे बघत होती, रागानं म्हणावं तर रागानं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ती उठली. तिनं तांदूळ घेतले आणि गाईच्या पाठीवरच्या लुगड्याच्या ओच्यात घातले. नारळ ठेवला, केळी ठेवली. तांबूनं मान वळवून त्यातलं एक केळं सालीसकट तोंडात घेतलं, तेव्हा दोनचार बायका हसल्या आणि सगळ्यांनाच जरा सुटल्यासारखं झालं. मग एकेक जण उठली. मघाशी विचारणारी बाईसुद्धा उठली.

सगळ्यांचं झाल्यावर मावशीनं ताटातला उरलेला नारळ घेतला, त्याला कुंकू लावलं आणि तो वैशालीच्या पदरी घातला. कुर्त्याला पदर कुठला, तिनं ओढणी पुढे धरली. नवरा गेल्यापासून मावशीनं कुणाची ओटी भरली नव्हती. "मना तुज्याकडून कायच नको, वैशू," ती म्हणाली. "तू तेवढी हवी."

मला हळदकुंकू लावायला आलेल्या मावशीच्या सुनेनं हळूच सांगितलं, डॉक्टर, तो मोजा काढा आता.

पुढचं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. वैशाली त्या दिवशी जेवून गेली, पण आईशी फार बोलली नाही. दोनतीन आठवडे आली नाही. मग एका रविवारी आली. मग येऊ लागली. तांबूचे खूर कापायला मी जायचे तेव्हा कधी त्या दोघी ओट्यावर कोलीम, म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी, निवडत बसलेल्या दिसायच्या, कधी भांडताना दिसायच्या. मावशीचं म्हणणं असायचं की लेक वाळलीय. लेकीचं म्हणणं की आई औषधं घेत नाही. दोघींचंही खरं होतं. मला आठवतं, एकदा मावशी मला म्हणाली, "मी उगाच तुजा टायम खाल्ला, बाय. गाय राहिली नाय ती नाय." मी म्हटलं, "वाईट वाटतं का?" ती लेकीकडे बघत म्हणाली, "वाटतं ना. हिला वासरू पुसताना बगायचं होतं मना."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती गेली. दोन दिवस ताप आला आणि गेली. मला मुलाचा फोन आला तेव्हा मी एका कुत्र्याला टाके घालत होते. टाके पुरे केले, हात धुतले आणि मग खुर्चीत बसून राहिले. पुढच्या पेशंटला परत पाठवलं. ती माझी कुणी नव्हती. पण आपल्या कामात आपल्यावर इतका विश्वास टाकणारं, आणि आपलं एकही न ऐकणारं माणूस पुन्हा भेटत नाही. मला अजून सातिवलीच्या बाजूचा फोन आला की क्षणभर तिचाच वाटतो.

तांबू आहे. खूप थकली आहे, पण खाते पिते. मुलानं तिला ठेवली, आणि रविवारी वैशाली येऊन तिचं सगळं करते. परवा मी गेले तेव्हा ती गाईला कोंडा कालवून घालत होती. ओट्यावर कुणी नव्हतं. मी गाईचे दात पाहिले, खूर पाहिले, काही विशेष नव्हतं.

"डॉक्टर, एक विचारू?" वैशाली म्हणाली. "आईनं तुमच्याकडून तांबूला इतक्यांदा भरवलं, ते फक्त मला बोलवायला?"

मी हो म्हटलं.

तिनं कोंड्याचा हात घमेल्याच्या काठावर पुसला. "तीन वर्षं मी तिच्या बोलावण्याची वाट बघत होते," ती म्हणाली. "दादाच्या फोनवरून विचारायची, जेवलीस का, तब्येत कशी आहे. मला वाटायचं, आता म्हणेल ये. नुसतं ये म्हणाली असती तरी त्याच दिवशी आले असते मी. वासराची काय गरज होती?"

मावशी असती तर तिनंच सांगितलं असतं. मी पिशवी उचलली. वैशाली गाईच्या शेजारी पोत्यावर बसली होती. मी स्कूटर सुरू केली तरी तिनं मान वर केली नाही.